गव्हर्नमेंट हाउस: परळचं की मलबार पॉइंटचं?

जुन्या मुंबईबद्दल वाचताना ‘गव्हर्नमेंट हाउस’ असा उल्लेख आला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाळकेश्वरच्या टोकावरचं, म्हणजे मलबार पॉइंटचं, राजभवन उभं राहतं. मजकूर 1880 च्या आधीचा असेल तर इथेच फसगत होते. तेव्हा गव्हर्नरसाहेबांचा अधिकृत मुक्काम परळला असे.

परळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे आणि चाळी एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे खरं वाटणार नाही. पण अठराव्या शतकात कोटातल्या (म्हणजे आजच्या फोर्टातल्या) गर्दीला कंटाळलेल्या साहेबलोकांचं ते हवा खायला जायचं उपनगर होतं. तिथली वास्तू मुळात पोर्तुगीज अमलातल्या पाद्र्यांची. इंग्रजांनी ती 1720 च्या सुमारास त्यांच्याकडून काढून घेतली. आधी गव्हर्नरांची बागेतली कोठी, मग कायमचं निवासस्थान. 1820 च्या दशकात गव्हर्नर एल्फिन्स्टनने ती वाढवली. जिथे प्रार्थना चालत त्या दालनात मेजवान्या झडू लागल्या! 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, उतरले तेही परळलाच.

मलबार पॉइंटला त्या काळात गव्हर्नरांचा उन्हाळ्यापुरता बंगला होता. म्हणजे बरीच वर्षं दोन्ही घरं एकाच साहेबाची. खरा घोळ होतो तो यामुळे.

पुढे परळभोवती गिरण्या उठल्या, हवा बिघडली. 1882 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजला नाव आहे तेच) यांच्या पत्नी पटकीने (कॉलऱ्याने) गेल्या. 1885 मध्ये बिऱ्हाड समुद्राकाठी मलबार पॉइंटला हललं ते कायमचंच. स्वातंत्र्यानंतर तेच राजभवन झालं, आणि 1960 मध्ये महाराष्ट्र राज्याची घोषणा नेहरूंनी तिथूनच केली.

परळची कोठी मात्र माझ्या मते सोडल्यावरच खऱ्या कामाला लागली. प्लेगच्या साथीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी लस शोधली आणि 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा या जुन्या राजवाड्यात आली. 1925 पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. आचार्य दोंदे मार्गावर ती आजही आहे.

जुन्या फोटोखाली नुसतं ‘गव्हर्नमेंट हाउस, बॉम्बे’ छापलेलं असेल तर आधी साल बघा. साल नसेल तर घर बघा: एकसंध, माडीचं, भोवती झाडी असेल तर परळ, समुद्रावर विखुरलेले बंगले असतील तर मलबार पॉइंट.