सहाव्या बोटाची माणसं

गॅरी सोबर्सने आपलं अकरावं बोट चौदा-पंधरा वर्षांचा असताना स्वतःच काढून टाकलं. जन्मला तेव्हा त्याला बारा बोटं होती, दोन्ही हातांना एकेक जास्तीचं. त्यातलं एक नऊ-दहाव्या वर्षी आपसूक गळलं. दुसऱ्याचा निकाल त्याने तातीचा दोरा आणि धारदार सुरी घेऊन लावला. उरलेल्या दहा बोटांनी पुढे काय केलं ते क्रिकेटवेड्यांना पाठ आहे: ९३ कसोटी सामने, ८०३२ धावा, २३५ बळी, १९५८ साली किंग्स्टनला पाकिस्तानविरुद्ध नाबाद ३६५ आणि १९६८ मध्ये स्वान्सीला एका षटकात सहा षटकार.

सहा बोटांच्या नामवंतांची यादी कुणी सांगायला बसलं की सोबर्स त्यात असतोच, आणि सांगणाऱ्याचा सूर असा असतो की त्या बोटातच काहीतरी होतं. मला ते पटत नाही. बोट गेलं, खेळ राहिला. पण म्हणून यादी टाकून द्यावी असंही नाही. तिच्यातल्या एकेका माणसाकडे नीट पाहिलं तर आपला हात मुळात बनतो कसा, याची फार सुरस गोष्ट हाती लागते.

जास्तीच्या बोटाला वैद्यकात बहुअंगुलिता म्हणतात. ही काही लाखात एक अशी गोष्ट नव्हे. साधारण हजार बाळांमागे एक-दोन अशी जन्मतात. जन्मतःच काढून टाकल्यामुळे मोठेपणी आपल्याला ती दिसत नाहीत, एवढंच. बोट फुटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला फुटणारं बोट सर्वांत जास्त आढळतं. अनेकदा ते बोट म्हणावं असंही नसतं. आत हाड नाही, सांधा नाही, बारीक देठावर लोंबणारा मांसाचा कोंब आणि त्यावर इवलंसं नख. सोबर्सचं बोट दोऱ्याने आवळून निघालं, त्यावरून ते बहुधा याच जातीचं असावं. (हा उद्योग घरी करू नये. मागे राहिलेल्या मज्जातंतूच्या टोकाची गाठ होऊन ती वर्षानुवर्षं ठणकत राहू शकते.) दुसरी जागा अंगठ्याची. तिथे बहुतेक वेळा हाडालाच फाटा फुटतो आणि एकाच बुंध्यावर दोन अंगठे येतात. हृतिक रोशनचा उजवा अंगठा असा दुहेरी आहे. मधल्या बोटांमध्ये नवं बोट येणं दुर्मीळ.

शिकागोचा ब्लूज गिटारवादक हाउंड डॉग टेलर याचीही दोन्ही हातांना सहा-सहा बोटं. त्याने एका रात्री दारूच्या नशेत उजव्या हाताचं जास्तीचं बोट वस्तऱ्याने उडवलं. डाव्या हाताचं तसंच राहिलं. तो काचेची वा धातूची नळी तारांवरून घसरवत वाजवायचा, आणि त्या वादनाचं श्रेय जास्तीच्या बोटांना देणं सोपं होतं. पण ती जास्तीची बोटं हलतच नव्हती. बेसबॉलमधला आंतोनियो अल्फॉन्सेका याचीही तीच गत. हातांना बारा, पायांना बारा अशी चोवीस बोटं, म्हणून टोपणनाव ‘एल पुल्पो’, म्हणजे ऑक्टोपस. २००० साली त्याने अमेरिकेतल्या नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक ४५ सामने वाचवले, म्हणजे शेवटी चेंडू फेकायला येऊन संघाची आघाडी टिकवली. प्रतिस्पर्ध्यांना वाटायचं की चेंडूला मिळणारी फिरकी सहाव्या बोटाची. प्रत्यक्षात फेकताना ते बोट चेंडूला लागतही नसे.

यादीतलं एक नाव मात्र खोडायलाच हवं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची दुसरी राणी अ‍ॅन बोलीन. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती असं लिहिलं ते निकोलस सँडर याने. त्याचा ग्रंथ १५८५ साली प्रसिद्ध झाला आणि अ‍ॅनचा शिरच्छेद झाला १५३६ मध्ये, सँडर पाच-सहा वर्षांचं पोर असताना. तो परागंदा झालेला कडवा कॅथलिक होता आणि इंग्लंडच्या गादीवर तेव्हा अ‍ॅनची मुलगी एलिझाबेथ होती. बोटाबरोबर त्याने राणीला एक पुढे आलेला दातही दिला आणि हनुवटीखाली आवाळूही. सहावं बोट म्हणजे चेटकीपणाची खूण, हा त्या काळचा समज लक्षात घेतला की हेतू झाकत नाही. १८७६ मध्ये लंडनच्या टॉवरमधल्या चर्चची फरशी उखडली तेव्हा तिच्या म्हणून जी हाडं मानली गेली, त्यांत जास्तीचं बोट सापडलं नाही. ती हाडं तिचीच याची खात्री देता येत नाही, पण सँडरच्या साक्षीपेक्षा हा पुरावा बरा.

आता हाताकडे वळू. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात हाताच्या जागी नुसता एक कोंब असतो. सहाव्या आठवड्यापर्यंत त्याचं वल्हं होतं, आणि आठव्यापर्यंत बोटांमधल्या पेशी ठरवून मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. या कोंबाला अंगठ्याची बाजू कोणती आणि करंगळीची कोणती हे कळतं कसं? १९६८ साली सॉन्डर्स आणि गॅसेलिंग या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भावर एक प्रयोग केला. पंखाच्या कोंबाच्या मागच्या, म्हणजे आपल्या करंगळीच्या बाजूचा एक कण काढून दुसऱ्या गर्भाच्या पुढच्या बाजूला कलम केला. कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात. या पिलाला सहा आली, आरशात पाहिल्यासारखी, उलटसुलट. म्हणजे त्या कणातून काहीतरी पाझरत होतं आणि जवळच्या पेशींना सांगत होतं की करंगळी इकडे आहे.

ते ‘काहीतरी’ सापडायला १९९३ उजाडलं. ते एक प्रथिन होतं आणि त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. नाव थट्टेचं वाटेल, आणि आहेच. फळमाशीत हे जनुक बिघडलं की अळीच्या अंगभर काटे उठतात, म्हणून आधी त्याला काटेरी हेजहॉगचं नाव मिळालं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याची तीन भावंडं निघाली. दोघांना खऱ्या हेजहॉगच्या जातींची नावं दिली आणि तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या निळ्या हेजहॉगचं. मेंदूच्या घडणीतही हेच प्रथिन लागतं, त्यामुळे काही डॉक्टरांना आईवडिलांसमोर हे नाव उच्चारताना अवघडल्यासारखं होतं.

हे प्रथिन फक्त करंगळीच्या बाजूला तयार व्हायला हवं. ते कुठे तयार व्हावं हे ठरवणारी कळ, म्हणजे स्विच, त्याच्या जनुकाच्या शेजारी नाही. ती डीएनएची तब्बल दहा लाख अक्षरं दूर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात आहे. कळ म्हणजे सुमारे आठशे अक्षरांचा तुकडा. त्यातलं एखादं अक्षर बदललं की कळ अंगठ्याच्या बाजूलाही थोडीशी दाबली जाते आणि तिथे नवं बोट फुटतं. अमेरिकेतल्या की वेस्ट बेटावर अर्नेस्ट हेमिंग्वेच्या घरात आजही पन्नास-साठ मांजरं आहेत आणि त्यांतल्या कितीतरींच्या पंजांना सहा-सात बोटं आहेत. कारण हेच, याच कळीतलं एक बदललेलं अक्षर. उलट दिशेचा पुरावा सापाने दिला. सापाच्या कळीची पार मोडतोड झालेली आहे. २०१६ मध्ये उंदराची कळ काढून सापाची बसवली, तेव्हा जन्मलेल्या उंदरांना पायांच्या जागी नुसते खुंट होते.

एवढ्यावरून वाटेल की पाच बोटं कुठेतरी लिहून ठेवलेली असतात आणि बिघाड झाला की आकडा चुकतो. तसं नाही. आकडा कुठेच लिहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची सांकेतिक लिपी फोडणारा गणिती अ‍ॅलन ट्युरिंग याने १९५२ मध्ये दाखवलं होतं की दोन रसायनं, एक चेतवणारं आणि एक आवरणारं, वेगवेगळ्या वेगाने पसरली तर सपाट पृष्ठभागावर आपोआप पट्टे उमटतात. बोटंही अशीच उमटतात, असं आता दिसतं. बोट म्हणजे एक पट्टा, दोन बोटांतली फट म्हणजे दुसरा. वाळूवर वाऱ्याने उठणाऱ्या लाटांचं अंतर साधारण ठरलेलं असतं. त्या किती होतील ते वाळूचा पट्टा किती लांब यावर. हाताचं वल्हं थोडं रुंद झालं तर एक पट्टा जास्त मावतो. पट्टे बारीक झाले तर आणखी मावतात. २०१२ साली काही संशोधकांनी उंदरांतली या पट्ट्यांची जाडी ठरवणारी जनुकं एकेक करून कमी केली. बोटं बारीक होत गेली आणि वाढत गेली, एका पंजाला थेट चौदापर्यंत.

पाची बोटं सारखी नसतात हे आपण सगळेच म्हणतो. ती पाचच असतात हेसुद्धा जरा जपूनच म्हणायला हवं. छत्तीस कोटी वर्षांपूर्वी पाण्यात राहूनही पाय फुटलेला अ‍ॅकँथोस्टेगा नावाचा प्राणी होता. त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती. त्याच काळातल्या इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात, तर ट्युलरपेटनला सहा. पाचाचा पायंडा नंतर पडला. मग घोड्याने एकावर भागवलं, पक्ष्यांनी पंखात तीन ठेवली. पांडाला बांबू सोलायला सहावं बोट हवं होतं, पण त्याने ते बोट फोडून मिळवलं नाही, मनगटाचं एक छोटं हाड वाढवून काम चालवलं.

आनुवंशिकतेचा पहिला भक्कम हिशेबसुद्धा सहाव्या बोटावरच मांडला गेला. अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच गणिती मोपर्त्यूई बर्लिनमध्ये होता. तिथल्या याकोब रूहे नावाच्या शल्यवैद्याला सहा-सहा बोटं होती. तशीच त्याच्या आईला आणि आजीलाही, आणि पुढे त्याच्या काही मुलांनाही. तेव्हा पंडितांत जोरदार वाद होता: एक पक्ष म्हणे सबंध बाळ आईच्या अंड्यात आधीपासूनच घडलेलं असतं, दुसरा म्हणे बापाच्या वीर्यात. इथे बोट आईकडून मुलाकडे आलं आणि त्या मुलाकडून, बाप म्हणून, पुढे गेलं. दोन्ही पक्षांची एकदमच पंचाईत. मोपर्त्यूई तिथे थांबला नाही. वीस हजारांत एकाला सहा बोटं असतात असं धरलं, तर तीन पिढ्या लागोपाठ निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता आठ लाख कोटींत एक, असं गणित त्याने मांडलं. हा योगायोग नव्हे, हे ठरवायला तेवढं पुरे होतं. मेंडेलचे वाटाणे यानंतर शंभरएक वर्षांनी आले.

मग सहावं बोट कधी उपयोगी पडतच नाही का? पडतं, पण त्यासाठी त्याला स्वतःचे स्नायू आणि स्वतःच्या नसा लागतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पूर्ण वाढलेलं बोट असलेल्या दोन व्यक्तींची तपासणी झाली. मेंदूच्या नकाशात त्या बोटाची वेगळी जागा होती, शेजारच्या बोटांत मिसळून गेलेली नव्हती. एरवी दोन हात लागतात अशी कामं ती दोघं एका हाताने करत होती, अगदी बुटाची नाडी बांधण्यापर्यंत. यंत्राचा जास्तीचा हात बसवला तर मेंदू तो चालवू शकेल का, या प्रश्नात रस असणाऱ्यांनी या निष्कर्षांवर उडी घेतली यात नवल नाही.

नाडीवरून बूट आठवले. स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. हेप्टॅथलॉन म्हणजे अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर, लांब उडी, भालाफेक आणि शेवटी आठशे मीटर, दोन दिवसांत सात प्रकार. तिची प्रत्येक धाव आणि प्रत्येक उडी पाच बोटांच्या मापाच्या बुटात सहा बोटं कोंबून झाली. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने ६०२६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. दात इतका ठणकत होता की गालावर पट्टी चिकटवून ती उतरली होती. जिंकल्यावर तिने जाहीरपणे मागणी केली ती बुटांची, आणि पुढच्या वर्षी तिच्या मापाचे बूट तयार झाले. अडचण पायात कधी नव्हतीच, साच्यात होती.

हजारएक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, आताच्या न्यू मेक्सिकोतल्या चाको दरीत, वेगळीच तऱ्हा होती. तिथल्या पुएब्लो बोनितो या भल्या मोठ्या दगडी वास्तूत पुरलेल्या ९६ सांगाड्यांपैकी तिघांच्या उजव्या पायाला सहावं बोट निघालं. त्यांतल्या एकाच्या सहा बोटांच्या पायात नक्षीदार पैंजण होतं. दुसऱ्या पायात काही नव्हतं. गिलाव्यात सहा बोटांचे ठसे उमटवलेले सापडले, चपलेच्या आकाराच्या दगडांनाही सहाव्या बोटासाठी बाक काढलेला.

नावानिशी माहीत असलेल्या सर्वांत जुन्या मंडळींत एक रोमन कवी आहे. इसवी सनापूर्वी शंभरच्या आसपास होऊन गेला. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याच्या हातांना सहा-सहा बोटं होती, आणि नावच पडलं होतं व्होल्कॅशियस सेडिजिटस, म्हणजे सहाबोट्या व्होल्कॅशियस. त्याच्या काव्यातलं फारसं काही उरलं नाही. उरली ती लॅटिन विनोदी नाटककारांची त्याने पद्यात लावलेली क्रमवारी. आज जगभर नाव असलेला टेरेन्स तिच्यात नेमका सहाव्या जागी आहे. दहावा एनियस केवळ जुना म्हणून घेतल्याचं कवीने स्वतःच कबूल केलंय. बोटं बारा होती, तरी यादी त्याने दहावरच संपवली.