रंगाआधी नंबर: आरसी बुक नसलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

आम्ही जुन्या गाड्यांची आरटीओची कागदपत्रं करून देतो. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटची सक्ती आल्यापासून आमच्याकडे रोज एकच प्रश्न येतो. "आजोबांची पद्मिनी आहे, आरसी बुक सापडत नाही, कागद करून द्याल का?" पद्मिनीच्या जागी कधी अँबॅसडर असते, कधी येझदी, कधी लष्कराच्या लिलावातली जीप. फोनवर सगळं समजावून सांगण्यात अर्धा तास जातो, आणि तरीही माणूस दुकानात येतो तेव्हा नेमकी नको ती गोष्ट करून आलेला असतो. म्हणून हे पत्रक छापलंय. घरी वाचा आणि तुमच्या गॅरेजवाल्यालाही वाचायला द्या.

नको ती गोष्ट एकच. आधी डेंटिंग-पेंटिंग उरकायचं आणि मग कागदांच्या मागे लागायचं.

हौस आम्हालाही कळते. पंचवीस वर्षं गोठ्यात उभी असलेली गाडी बाहेर काढली की तिला आधी अंघोळ घालावीशी वाटते, मग पत्रा, मग रंग. एक गृहस्थ अशीच फियाट घेऊन आले होते. पांढराशुभ्र रंग, चकाचक क्रोम, आतून नवं रेक्झिन. आम्हीच दोन मिनिटं तिच्याभोवती फिरत राहिलो. बॉनेट उघडलं तर कंपनीची पट्टी जिथे असायला हवी तिथे रिव्हेटची भोकं, आणि तीही लांबीने (पुट्टीने) बुजवलेली. पट्टी गंजकी दिसते म्हणून पेंटरने भंगारात टाकली होती, जुन्या नंबरप्लेटही तिच्यासोबतच गेल्या होत्या. पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर लांबी, प्रायमर आणि रंगाच्या तीन हातांखाली कुठेतरी होता. हीट गन लावून बोटभर रुंदीची पट्टी खरवडत बसलो. संध्याकाळपर्यंत आकडे दिसायला लागले, पण त्यातला एक ३ आहे की ८ हे काही शेवटपर्यंत ठरेना. गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर उत्तर मिळालं, "शेवटी सत्तावीस होतं, एवढं आठवतंय." त्या एका आकड्यापायी काम सात महिने रखडलं. बॉनेटखालचा रंग परत मारून घ्यावा लागला तो खर्च वेगळाच.

एवढं महत्त्व कशासाठी, तर जुन्या गाडीच्या नोंदी कागदी वह्यांमध्ये आहेत आणि त्या वह्या रजिस्ट्रेशन नंबरप्रमाणे लावलेल्या आहेत. रजिस्ट्रेशन नंबरावरून पान सापडतं. ते पान तुमच्याच गाडीचं आहे हे सिद्ध होतं चेसिस नंबरावरून. दोन्हींपैकी एक हरवला तरी काम होतं, वेळ मात्र कैक पटींनी वाढतो. दोन्ही हरवले तर आम्हीही हात टेकतो. इंजिन नंबरावर फार भिस्त ठेवू नका. इतक्या जुन्या गाडीत मूळ इंजिन टिकलं असेल तर नशीबच, आणि बदललेल्या इंजिनाची नोंद करून घेणारे त्याहून कमी.

म्हणून जुनी नंबरप्लेट वाकलेली, फुटकी, कशीही असो, ती जपून ठेवा. 'एमएच' हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आलं. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरी मालिका असायच्या आणि त्या अक्षरांवरून गाडी मूळ कुठल्या कार्यालयाची ते कळतं. कार्यालयं पुढे विभागली गेली. मुंबईतच आज ताडदेव, अंधेरी, वडाळा अशी वेगवेगळी आरटीओ आहेत. तुमची वही कुठल्या दप्तरात आहे हे शोधणं हेच पहिलं काम होऊन बसतं.

चेसिस नंबरचा ठसा घरी कसा घ्यायचा

बऱ्याच मोटारींमध्ये नंबर बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर असतो. जीपमध्ये तो चेसिसच्या पट्टीवर बघा. जावा-येझदी, बुलेटला हँडलच्या मुळाशी असलेल्या जाड नळीवर. जागा सापडली की रॉकेलात किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं तिथे रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने हलकेच घासा. पॉलिश पेपर नको, तारेचा ब्रश नको, आणि ग्राइंडर तर त्या खोलीतही आणू नका. कोरडं झालं की मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून नंबरावर फिरवा, वर रुंद सेलोटेप चिकटवा, नखाने दाबा, अलगद उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. काळ्या पट्टीत पांढरे आकडे उठतात. असे तीन ठसे घ्या. मग मोबाइलवर फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे तो नंबर त्याच गाडीवर आहे हे दिसेल. एवढं झालं की गाडी खुशाल पेंटरकडे पाठवा, फक्त त्या जागेवर मास्किंग टेप लावूनच.

आकडे गंजून गेले असतील तर तसेच राहू द्या. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय पंच लावून 'उठाव' आणायला गेलात, तर उद्या इन्स्पेक्टर त्याला नंबरशी छेडछाड म्हणेल, आणि तुमचं म्हणणं खरं असलं तरी पटवून देणं अवघड जाईल.

डुप्लिकेट आरसी कोणाला मिळते

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आरसी हरवल्यावर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ भरायचा, हे बरोबर आहे. पण तो अर्ज ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानेच करायचा असतो. गाडी तुमच्या ताब्यात आहे, पैसे तुम्ही मोजलेत, स्टॅम्पपेपरवर नोटरीही केलीय, तरी नोंदीत नाव दुसऱ्याचं असेल तर आरटीओच्या लेखी मालक तोच. वाडा घेतला आणि मागच्या अंगणात गाडी निघाली, तर ती गाडी वाड्यासोबत तुमची होत नाही. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, पण ते आधीच कळलेलं बरं.

तेव्हा क्रम असा. आधी नोंदीचा उतारा काढून नाव कोणाचं ते बघायचं. मग त्या माणसाला गाठायचं. मग त्याच्या सहीने डुप्लिकेट आरसीचा अर्ज आणि त्यासोबत टीटी, म्हणजे नावबदलाचे फॉर्म, २९ आणि ३०. मधे गाडी तीन हातांतून फिरली असली तरी सही नोंदीत नाव असलेल्या मालकाचीच लागते.

जुने मालक सही द्यायला बिचकतात. त्यांना वाटतं, आता काहीतरी अंगावर येणार. खरं तर उलटं आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही जणांना विकलेली असो, नोंदीत ज्याचं नाव आहे तो कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे तीस वर्षांपूर्वी विकलेली गाडी आजही त्यांच्याच गळ्यात आहे. ही सही त्यांना मोकळं करते. आम्ही त्यांच्याकडे जातो तेव्हा आधी हेच सांगतो, आणि बहुतेक वेळा पुढचं बोलणं चहावर होतं.

मालक हयात नसतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. वारसांत एकमत असेल तर बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागतो. तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षाही जुन्या कायद्याखाली. भावकीत वाद असेल तर तो आधी मिटवून या. त्यात आम्हाला ओढू नका, ही हात जोडून विनंती.

बँकेचा बोजा हा आणखी एक विसरलेला काटा. कर्ज १९८८ सालीच फिटलं, पण नोंदीवरचा शेरा कोणी काढलाच नाही, असं फार दिसतं. तो काढायला बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँक आज त्या नावाने नसेल तर ती जिच्यात विलीन झाली त्या बँकेकडे जायचं. शेरा देना बँकेचा असेल, तर २०१९ पासून ती बँक ऑफ बडोदा आहे. शाखेतल्या तरुण मुलांना एवढा जुना कर्जखाता नंबर सांगितला की ती आ वासून बघतात. धीर धरा.

परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हवी. तिच्याशिवाय घेतलेली गाडी आमच्याकडे आणू नका, आधी तिकडे जा. लष्कराच्या लिलावातली जीप कधी नोंदवलीच नसेल, तर विक्रीचा मूळ दाखला, फॉर्म २१, लागतो. तो आहे का ते जीप घेण्याआधी विचारा.

फी, आणि आमची फी

सरकारी फी कोणीही बघू शकतं. मोटारीच्या नावबदलाला ३०० रुपये, डुप्लिकेट आरसीला तेवढेच, कार्डाचे २०० वेगळे. हे आकडे दाखवून काही जण म्हणतात, "तीनशे रुपयांचं काम, आणि तुम्ही एवढे घेता?" बरोबर आहे, अर्जाचे तीनशेच. पण नोंद ऑनलाइन नसेल तर आधी वही शोधून बॅकलॉग एंट्री करून घ्यायची, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यायची, गाडी तपासणीला न्यायची. पंधरा वर्षांची मुदत कधीच संपलेली असते, म्हणून नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० आहे. उशिराचा आकार आणि पर्यावरण कर वेगळा. हे पैसे सरकारचे. प्रत्येकाची पावती तुमच्या हातात पडते.

आमचे पैसे दोन टप्प्यांत. शोधाचे आधी, आणि ते परत मिळत नाहीत, नोंद सापडो वा न सापडो. यावर कुरकुर होते, पण वह्या चाळायला जाणारे दिवस दोन्हीकडे सारखेच असतात. बाकीचे पैसे आरसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय आम्ही घेत नाही. तारीख मात्र देत नाही. "पंधरा दिवसांत काम करून देतो" असं सांगणारा भेटला तर तो नेमकं काय करणार आहे ते नीट विचारा.

कारण एक धंदा आम्ही करत नाही. भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलची आरसी विकत घ्यायची आणि तिचा नंबर तुमच्या गाडीवर ठोकायचा. काम खरंच पंधरा दिवसांत होतं. मग चार वर्षांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर किंवा एखादा पोलीस ठोकलेले आकडे निरखून बघतो, आणि गाडी ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहते. तिथून ती जशीच्या तशी परत आलेली आम्ही बघितलेली नाही.

"व्हिंटेज करून टाका ना"

हेही रोज विचारतात. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी नोंद होते. नंतरच्या नूतनीकरणाला ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो. छान सोय आहे. पण भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी त्या अर्जालाही जुनी आरसी जोडावी लागते. म्हणजे कागद नाहीत म्हणून निघालेली ही आडवाट पुन्हा कागदांपाशीच येते. शिवाय अशी गाडी रोज कामावर न्यायला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. चेसिस किंवा इंजिनात मोठे बदल केले असतील तर अर्ज अडतो. रंगाआधी आमच्याकडे या, याला हेही एक कारण आहेच.

नोंद रद्द झालेली निघाली, म्हणजे कोणीतरी पूर्वी गाडी भंगारात दाखवली असेल, तर ती पुन्हा रस्त्यावर आणायचं काम आम्ही घेत नाही. वहीच सापडली नाही तर मात्र थांबा. जुन्या टॅक्सच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, सर्व्हिसिंगचं बिल, असल्या कागदांनी वाट निघालेली आहे. आजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागच्या फाइलीत, जुन्या डायऱ्यांत शोधा. एका येझदीची टॅक्सची पावती लग्नाच्या अल्बमच्या पुठ्ठ्यामागे सापडली होती.

येताना गाडी आणू नका, ओढून आणण्याचे पैसे वाया जातील. ठसे, फोटो, जुन्या प्लेटचा फोटो आणि जे काय कागद असतील ते आणा, अर्धवट फाटलेलेसुद्धा. ठसा घेणं जमत नसेल तर फोन करा. शहरात आणि आसपास आमचा माणूस येऊन घेऊन जातो, त्याचे पैसे नाहीत. रंग आधीच झालेला असेल तर तेही फोनवरच सांगा, म्हणजे तो हीट गन सोबत आणेल. आणि पेंटर आज संध्याकाळी लांबी भरायला येणार असेल, तर आधी त्याला फोन करा, मग आम्हाला.