चॅनल पार्टनर वेगळा, रीसेलचा एजंट वेगळा

घर बघायला सुरुवात केली की फोनवर जे एजंट जमा होतात ते सगळे सारखेच वाटतात, पण पुण्या-मुंबईत त्यांचे दोन प्रकार आहेत आणि समोरचा कुठला हे पहिल्या फोनलाच विचारून घेतलं नाही तर पुढे फार घोळ होतो.

चॅनल पार्टनर बिल्डरचे नवीन प्रोजेक्ट विकतो, तुमच्याकडून एक रुपया घेत नाही, गाडीने साईटवर नेतो-आणतो, त्याला पैसे बिल्डर देतो. रीसेलवाला जुन्या सोसायटीतले फ्लॅट दाखवतो, साधारण एक ते दोन टक्के ब्रोकरेज मागतो आणि बऱ्याचदा मालकाकडूनही घेतो. मग लोक म्हणतात पहिला फुकट आणि दुसरा लुटारू. मला हे अजिबात पटत नाही.

फुकटवाला तुमच्यासाठी काम करतच नाही हो! जिथे कमिशन जास्त तो प्रोजेक्ट आधी दाखवणार, आणि ज्या बिल्डरशी टायअप नाही त्याचं नावही काढणार नाही, भले तो तुमच्या ऑफिसजवळ असो. साईट ऑफिसला एक फॉर्म भरायला देतात, नाव, नंबर, बजेट, आणि त्यात ‘सोर्स’ म्हणून एक रकाना असतो, तिथे एकदा त्याचं नाव पडलं की बऱ्याच ठिकाणी तुम्ही त्याचे कस्टमर म्हणून सिस्टीमला लागता, नंतर डायरेक्ट जाऊन रेट कमी करून मागितला तर सेल्सवाले दाद देत नाहीत. त्यामुळे आधी स्वतः फोन करून रेट काढा, मग कुणासोबत जायचं ते ठरवा.

एक मात्र आहे, नवीन प्रोजेक्ट विकणाऱ्यावर रेराचा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचा, धाक आहे. महारेरा म्हणजे त्या कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण, त्याचा एजंट नंबर ‘ए’ने सुरू होतो, प्रोजेक्टचा ‘पी’ने, आणि जाहिरातीत ‘पी’चा नंबर दिसला की लोक एजंटही रजिस्टर्ड समजतात. दोन्ही मागा आणि महारेराच्या साईटवर टाकून बघा. रजिस्ट्रेशन नसताना धंदा केला तर दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. 2023 मध्ये महारेराने एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षाही कंपल्सरी केली.

तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेताना हा धाक फारसा कामाला येत नाही, तिथे सगळा खेळ कागदांचा. म्हणून फ्लॅट आवडला असं सांगायच्या आधी इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीत फ्लॅट कुणाच्या नावावर आहे त्याचा कागद) आणि सोसायटीची थकबाकी विचारा. मुरलेला एजंट तिथल्या तिथे सांगतो की शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर आहे, ते वारलेत, दोन्ही बहिणींच्या सह्या लागतील, धाकटी बाहेरगावी असते. असं आधी सांगणाऱ्याला दीड टक्का द्यायला मी कां-कू करणार नाही, कारण हीच गोष्ट टोकन, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दिल्यानंतर बँकेच्या वकिलाकडून कळली की लोन अडकतं. आणि जो फक्त ‘पेपर क्लिअर आहेत, टेन्शन घेऊ नका, आधी टोकन द्या’ एवढंच म्हणतो त्याला तिथूनच नमस्कार करा.

ब्रोकरेज किती, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा का, आणि कधी द्यायचं, हे व्हॉट्सअपवर तरी लिहून घ्या. टोकनचा चेक मालकाच्याच नावाने, एजंटच्या नावाने अजिबात नाही.