लवंग तेल नेताय? दाढदुखीबद्दल एवढं वाचून ठेवा

आमच्या काष्ठौषधींच्या दुकानातून लवंग तेलाची बाटली घेतलीत की हा कागद सोबत मिळतो. तो टाकून देऊ नका, घरच्या औषधांच्या डब्यात ठेवा. दाढ ठणकते ती बहुतेक रात्रीच, दवाखाने बंद झाल्यावर. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि दाताच्या आतल्या सुजलेल्या नसेवर ताण येतो. म्हणून अशा रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. नुसत्या एवढ्यानेही ठणका थोडा उतरतो.

आता तेल कसं लावायचं ते. बाटलीतलं तेल जसंच्या तसं लावू नका. चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब टाका. आधी कोमट पाण्याने चूळ भरून किडलेल्या खड्ड्यात अडकलेलं अन्न काढून टाका. नाहीतर खालचं अन्न तसंच आणि वरून तेल, असं होतं. मग ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा त्या मिश्रणात बुडवा, पिळा आणि खड्ड्यात ठेवा. पाच-दहा मिनिटांनी काढून थुंका, गिळू नका. हिरडीला किंवा गालाच्या आतल्या बाजूला कोरं तेल लागलं तर पांढरा चट्टा उठतो आणि दाढेपेक्षा तीच आग जास्त होते. लहान मुलांना हे तेल अजिबात लावू नका आणि बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. थोडंसं जरी पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात, यकृतावर परिणाम होऊ शकतो. मुलाची दाढ दुखत असेल तर मीठ-पाण्याच्या गुळण्या द्या आणि दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे न्या.

तेल नसेल तर घरातली लवंग चालते, पण ती तेल काढून घेतलेली नसावी. ग्लासभर पाण्यात टाकून बघा. चांगली लवंग बुडते किंवा फूल वर करून उभी राहते, चोथा झालेली आडवी तरंगते. नखाने दाबल्यावर चांगल्या लवंगेने बोट तेलकट होतं.

लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते नस बधिर करतं. दाताचे डॉक्टरही तात्पुरतं सिमेंट भरताना झिंक ऑक्साइडमध्ये हेच युजेनॉल मिसळतात. म्हणून आजीबाईच्या बटव्यातला हा उपाय खोटा नाही. पण तो दुखणं थांबवतो. कीड आणि पू जिथे असतो तिथेच राहतो.

हे आम्ही घरात भोगलंय. आमचे वडील वर्षानुवर्षं याच गल्ल्यावर बसून लवंग तेल विकायचे. स्वतःची खालची दाढ दुखायला लागली तेव्हा दहा दिवस त्यांनी तेच लावलं. एके दिवशी दुखणं एकदम थांबलं. "बघ, बरी झाली," म्हणाले. पुढच्या पंधरवड्यात गाल सुजला, ताप चढला, तोंडात दोन बोटं जाईनात. चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. तिथे कळलं की दाढ बरी झालीच नव्हती, आतली नस मेली होती. नस मेली की दुखणं थांबतं आणि मुळाशी पू गुपचूप साठत राहतो. अचानक थांबलेल्या ठणक्याला म्हणूनच आम्ही घाबरतो. तेव्हापासून हा कागद देतो.

मीठ-पाणी मात्र बिनधास्त करा. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका, रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. मोठ्या माणसांना पॅरासिटॅमॉल चालते, पाकिटावरच्या मात्रेपेक्षा जास्त नको. लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी पाण्याबरोबर गिळायची असते. ॲस्पिरिन कुस्करून दाढेवर ठेवल्याने हिरडी भाजते. कच्चा लसूण चेचून तासभर धरून ठेवला तरी तेच होतं. अक्कलकाऱ्याची औषधी मुळी चघळल्याने जीभ चुणचुणते, लाळ सुटते, घटकाभर बरं वाटतं, पण त्याच्याकडूनही याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

मशेरी आणि तंबाखू आमच्याकडे मागू नका. मशेरीने दाढ बधिर होते म्हणून कितीतरी बायका सुरुवात करतात, मग ती सुटत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडणारेही गावोगाव भेटतात. दातात अळी नसतेच. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या घेऊन काम भागवू नका. सूज थोडी उतरते, पण पूचं मूळ दाढेतच राहतं. ते काढायला रूट कॅनाल करावं लागतं, नाहीतर दाढ काढावी लागते.

पुढच्या गोष्टींत मात्र सकाळची वाट बघू नका. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतोय, थंडी वाजून ताप येतोय, तर रात्रीच मोठ्या रुग्णालयात जा. मधुमेह असेल तर साध्या सुजेलाही थांबू नका. आणि दात चांगले असताना डाव्या जबड्यात कळ येऊन छाती भरल्यासारखी वाटली, घाम फुटला, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं.

खर्चाच्या भीतीने दाढ अंगावर काढू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. तिथे खाजगीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत उपचार होतात.

महिन्याभरात दुसरी बाटली घ्यायला आलात तर आम्ही आधी विचारू, कोणती दाढ, किती दिवस झाले, डॉक्टरांना दाखवलं का. राग मानू नका.