स्प्रिंगचा दोलनकाल व टांगलेले वस्तुमान

मळसूत्री स्प्रिंग उभी टांगून तिच्या खालच्या टोकाला वजन अडकवले आणि ते किंचित खाली ओढून सोडले, तर ते समतोल स्थितीच्या वर-खाली आंदोलने करते. स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान नगण्य मानल्यास एका पूर्ण आंदोलनाचा काळ पुढील सूत्राने मिळतो : का = २ पाय √(व/क). येथे ‘का’ हा दोलनकाल, ‘व’ हे टांगलेले वस्तुमान, ‘क’ हा स्प्रिंगचा बल-स्थिरांक (एकक लांबीवाढीस लागणारे बल) व ‘पाय’ म्हणजे π आहे. वस्तुमान चौपट केले की दोलनकाल दुप्पट होतो. गुरुत्वप्रवेग सूत्रात येत नाही. गुरुत्वामुळे केवळ समतोलाची जागा खाली सरकते. म्हणून तेच वजन व तीच स्प्रिंग चंद्रावरही तोच दोलनकाल देईल. लंबकाचे तसे नाही.

सूत्राचा पाया असलेला ‘जसा ताण, तसे बल’ हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये अक्षरे उलटसुलट केलेल्या लॅटिन कोड्याच्या रूपात छापला व १६७८ मध्ये उलगडून सांगितला. नियम आपणास सुमारे अठरा वर्षे आधीच गवसला होता, असे त्यांनी तेव्हा म्हटले. त्यावरून १६६० हे साल दिले जाते, पण त्याला मुख्य आधार हूक यांच्याच विधानाचा आहे. एद्म मारिऑत यांनी काही वर्षांनी हाच नियम स्वतंत्रपणे मांडला. घड्याळाच्या तोलचक्राला स्प्रिंग लावण्याच्या कल्पनेवरून १६७५ मध्ये हूक व क्रिस्तियान हायगेन्झ यांच्यात श्रेयाचा वाद झाला. २००६ मध्ये उजेडात आलेल्या हूक यांच्या हस्तलिखित टिपणांमुळे त्यांची बाजू काहीशी बळकट झाली आहे. १६७८ च्या लेखनात हूक यांनी स्प्रिंगची लहान-मोठी आंदोलने समकालिक, म्हणजे सारखाच वेळ घेणारी, असतात असेही प्रतिपादन केले. निष्कर्ष बरोबर असला, तरी त्यामागील युक्तिवाद आजच्या कसोटीवर टिकत नाही. वस्तुमानाच्या वर्गमूळाशी असलेला संबंध रीतसर सिद्ध करण्यास लागणारे गतिनियम न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा हूक यांना नियमाचे श्रेय द्यावे, सूत्राचे नव्हे, हे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रत्यक्ष मापनात खरी अडचण येते ती स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानाची. वरचे टोक स्थिर असते, खालचे वजनाच्या वेगाने हलते आणि मधल्या वेटोळ्यांचा वेग वरून खाली समप्रमाणात वाढत जातो, असे गृहीत धरून गतिज ऊर्जेची बेरीज केली, तर स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक-तृतीयांश भाग टांगलेल्या वस्तुमानात मिळवावा लागतो. ही रीत लॉर्ड रेली यांच्या नावाने ओळखली जाते. उदाहरणार्थ, बल-स्थिरांक १० न्यूटन प्रति मीटर व वस्तुमान ३० ग्रॅम असलेल्या स्प्रिंगला १०० ग्रॅम वजन लावल्यास साध्या सूत्राने ०.६२८ सेकंद, तर दुरुस्तीसह ०.६५९ सेकंद येतात. फरक जवळजवळ ५ टक्के आहे. ४०० ग्रॅमला तो सव्वा टक्क्याच्या आसपास उरतो.

एक-तृतीयांश हा अंक मात्र अचूक नव्हे. स्प्रिंगमधून जाणाऱ्या तरंगाचे समीकरण सोडवल्यास, वजन स्प्रिंगपेक्षा बरेच जड असताना हा अपूर्णांक एक-तृतीयांशाजवळ असतो व वजन शून्याकडे जाताना ४/पाय², म्हणजे सुमारे ०.४०५ पर्यंत वाढतो. नेहमीच्या प्रयोगांना एक-तृतीयांश पुरेसा आहे. ताणाच्या बाबतीत वेगळाच अपूर्णांक येतो : स्वतःच्या वजनाने स्प्रिंग जेवढी लांबते, तेवढी ती निम्मे वजन टोकाला लावल्यानेही लांबली असती. त्यामुळे एकूण लांबीवाढ मोजून तिच्यावरून दोलनकाल काढण्याची सोपी वाट हलक्या वजनांना चुकीचे उत्तर देते.

प्रयोगात दोलनकालाचा वर्ग व टांगलेले वस्तुमान यांचा आलेख काढतात. सरळ रेषेच्या चढावरून बल-स्थिरांक मिळतो. रेषा मागे वाढवली की ती वस्तुमानाचा अक्ष शून्याच्या डावीकडे, वरील उदाहरणात उणे १० ग्रॅमपाशी, छेदते. वेटोळी एकमेकांना चिकटलेली व पूर्वताण (वजन लावण्याआधीच वेटोळ्यांना घट्ट धरणारा ताण) असलेली स्प्रिंग हलक्या वजनाला नीट उघडतच नाही; तसे बिंदू रेषेत धरू नयेत. वीसेक आंदोलनांचा एकत्र वेळ घेण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. मोजणी वेग सर्वाधिक असलेल्या समतोल स्थितीपासून करावी.

काही विशिष्ट वस्तुमानांना उभी गती टिकत नाही. वजनामुळे होणारी लांबीवाढ मूळ लांबीच्या सुमारे एक-तृतीयांश झाली, की लंबकासारख्या डोलण्याचा काळ उभ्या दोलनकालाच्या दुप्पट होतो आणि ऊर्जा आलटून पालटून दोन्ही गतींत जाते. व्हिट व गोरेलिक यांनी १९३३ मध्ये याचे विश्लेषण केले. पीळ व ताण यांच्यातील तशाच देवाणघेवाणीवर विल्बरफोर्स लंबक (स्प्रिंगला टांगलेले, आलटून पालटून वर-खाली होणारे व स्वतःभोवती फिरणारे वजन) चालतो. त्याचे साल अनेक ठिकाणी १८९६ असे दिले जात असले, तरी विल्बरफोर्स यांचा निबंध १८९४ चा आहे.

वजनरहित अवस्थेत तराजू निरुपयोगी ठरतो. १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब या अवकाशस्थानकात अंतराळवीरांचे वस्तुमान स्प्रिंगला जोडलेल्या आसनाच्या दोलनकालावरून मोजत असत.