गावाकडच्या जुन्या घराचा इतिहास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शहापूर, मुरबाड, भिवंडी किंवा वाडा तालुक्यातील वडिलोपार्जित घर, खळे आणि भातशेती यांचा पूर्वेतिहास जाणून घेण्यासाठी आमच्या ठाण्यातील कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक सोबत सातबारा आणतात आणि घर किती जुने आहे हे त्यावरून कळेल असे गृहीत धरतात. सातबारा जमिनीचा असतो. घराचे वय तो सांगत नाही. म्हणून जमीन, घर आणि घराणे यांचा शोध आम्ही वेगवेगळा घेतो व आजच्या कागदापासून एकेक पायरी मागे जातो.

जमिनीबाबत सर्वांत बोलका कागद म्हणजे फेरफार, अर्थात गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर नावाजवळ दिसणारे क्रमांक फेरफारांचे असतात आणि त्यांच्या आधाराने वारसनोंद, वाटणी, खरेदीखत अशा एकेका घटनेपर्यंत पोहोचता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला, त्यामुळे ही साखळी त्याच्या फारशी मागे जात नाही. त्याआधीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या मोजणीचे कागद पाहावे लागतात. त्यांतील अनेक कागद मोडी लिपीत असतात, आणि तिथी शालिवाहन शकात दिली असल्यास इसवी सन काढण्यासाठी साधारणपणे ७८ मिळवावे लागतात. गावात एकत्रीकरण योजना (जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची) झाली असेल, तर आजच्या गट नंबरावरून आधी जुना सर्व्हे नंबर शोधणे अपरिहार्य असते.

जुन्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कब्जेदार म्हणून नसले की घराण्याचा त्या जमिनीशी संबंधच नव्हता असे समजून ग्राहक हिरमुसतात. आमच्या अनुभवात हाच गैरसमज सर्वाधिक आढळतो. कुळकायदा १९४८ चा असून, अटींत बसणारी कुळे १ एप्रिल १९५७ रोजी कसत असलेल्या जमिनीची मालक झाल्याचे त्याने मानले. त्यापूर्वी तीच खाचरे पिढ्यान्‌पिढ्या लावणारे कुटुंब कागदावर ‘कुळ’ म्हणून इतर हक्कांत किंवा पीकपाहणीत दिसते आणि मालकाच्या जागी दुसऱ्याच कोणाचे नाव असते. अशा वेळी या कायद्याच्या कलम ‘३२ ग’ची (जमिनीची किंमत ठरवण्याची) कार्यवाही आणि कलम ‘३२ म’चे (खरेदीचे) प्रमाणपत्र मिळाले, तर घराण्याचा त्या जमिनीशी असलेला जुना संबंध मालकीच्या नोंदीपेक्षाही स्पष्टपणे उलगडतो.

घरासाठी ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही पाहतो, परंतु खरी साक्ष पुष्कळदा वास्तूच देते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला, म्हणून अशी कौले असलेले छप्पर त्याआधीचे असू शकत नाही; छप्पर मात्र, भिंती नव्हेत, कारण नळीची कौले उतरवून मंगळुरी चढवणे सर्रास होत असे. खांबावर विनाकारण खाचा दिसल्या, तर ते लाकूड दुसऱ्या वास्तूतून आलेले असण्याची शक्यता असते. ‘पेशवाईतले घर’ ही ऐकीव माहिती आम्ही टिपून घेतो, पण पुराव्याशिवाय अहवालात तथ्य म्हणून लिहीत नाही.

घराण्यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर उपयोगी पडते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही कधीकधी तीन-चार पिढ्यांची नावे एकत्र मिळतात.

वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, तरी त्याचे जुने कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाचेच असतात. नवी मुंबईत शेती संपादित होऊन तिचे सेक्टर झाले असले तरी घणसोली, कोपरखैरणे अशी गावठाणे जागेवर आहेत. तेथे शेताचा आणि घराचा माग पूर्णपणे वेगळा काढावा लागतो.

आमचा अहवाल हा मालकीहक्काचा दाखला नव्हे. त्यासाठी वकिलांकडून टायटल सर्च (मालकीहक्काचा शोध) करून घ्यावा. येताना सातबारा, आठ अ (खातेउतारा), जुन्या पावत्या आणि घरातील वडीलधाऱ्यांना आठवणारी नावे सोबत आणावीत. छप्पर उतरवायचे ठरले असेल, तर कौलाच्या खालच्या बाजूला उमटलेल्या कारखान्याच्या नावाचे छायाचित्र आधी काढावे आणि दोन-चार कौले बाजूला ठेवावीत.