आपत्तीतून वाचलेल्यांच्या मनातली टोचणी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यात शिरले. ते ओसरल्यावर इथल्या मराठी घरांत एक वाक्य कानावर पडायचे : "आमचं काहीच गेलं नाही हो." बोलणारे वरच्या मजल्यावरचे. खाली शेजाऱ्यांच्या गाद्या भिजलेल्या, कपाटावर चिखलाची रेघ. वाक्यात समाधान कमी, ओशाळलेपण जास्त.

इतरांचे गेले आणि आपण वाचलो, ही टोचणी वैद्यकाच्या नजरेत नीट आली ती एका आगीनंतर. १९४२ मध्ये बोस्टनच्या नाइटक्लबमध्ये ४९२ जण गेले. मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी पाहिलेला एक तरुण बायकोला बाहेर ओढता ओढता बेशुद्ध पडला होता. गर्दीच्या रेट्याने तो बाहेर फेकला गेला, ती आतच राहिली. जखमा भरल्या, पण तिला वाचवता आले नाही हे त्याला सुटेना. शेवटी त्याने जीव दिला. पुढे विल्यम नीडरलँड यांना नाझी छावण्यांतून सुटलेल्यांत आणि रॉबर्ट लिफ्टन यांना हिरोशिमात हेच दिसले.

अमेरिकेच्या मनोविकार नियमावलीत १९८० मध्ये आघातोत्तर विकार, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मनोविकार (पीटीएसडी), आला. 'इतर गेले, मी उरलो' हा सल त्याच्या लक्षणांत होता. १९८७ मध्ये हा सल मुख्य यादीतून वगळला, २०१३ मध्ये स्वतःला दोष देण्याच्या रूपात परत घेतला. माणसे मात्र सगळा काळ तेच सांगत होती.

छावण्यांमागे गुन्हेगार होते. भूकंपावर खटला कोण भरणार? मग माणूस स्वतःलाच धरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंतींनी घात केला. कोण कुठे झोपला, एवढ्यावर जगणे-मरणे ठरले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने वडोदराही हादरले, पण कच्छमधल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुले आणि शिक्षक ढिगाऱ्याखाली गेले. त्या मुलांना सकाळी गणवेश घालून पाठवले ते घरच्यांनीच.

आपत्तीतल्या मानसिक आधारासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या पुस्तिकेत अन्नपाणी, नातलगांचा ठावठिकाणा आणि बोलायची बळजबरी न करता ऐकून घेणे यावर भर आहे. 'वाचलात, नशीब समजा' असे म्हणू नका, असेही त्यात बजावले आहे. आपल्याकडे भेटायला येणारा पहिल्यांदा नेमके तेच म्हणतो.